अंगण आधी आखा, मग घरं

सांगलीत कुणी जागा घेतली असं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: गुंठ्याला काय पडलं? मग भाव सांगितला जातो, जागा रस्त्यापासून किती आत आहे ते सांगितलं जातं, सातबारा स्वतंत्र निघेल का याची चौकशी होते. मुलं कुठे खेळतील, धुणं कुठे वाळेल, सासूबाई संध्याकाळी कुठे बसतील, घरात कार्य निघालं तर मांडव कुठे पडेल, यातलं काहीच त्या व्यवहारात येत नाही. आणि पुढची तीस-चाळीस वर्षं त्या घरातलं जगणं बरंचसं याच गोष्टींवर ठरतं.

कमी पैशातल्या घरांमध्ये सगळ्यांची मिळून मोकळी जागा कशी ठेवायची, तिच्यासाठी जमीन कुठून काढायची आणि ती पुढे टिकवायची कशी, हे इथे सांगायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: घर जितकं लहान, तितकी दाराबाहेरची सामाईक जागा जास्त गरजेची. म्हणून नकाशावर पहिली रेघ त्या जागेची पडली पाहिजे. सध्या ती सगळ्यात शेवटी, काही उरलं तर पडते.

गुंठेवारीत काय हरवलं

सांगली-मिरज-कुपवाडच्या उपनगरांबद्दल बोलायचं तर गुंठेवारीपासूनच सुरुवात करावी लागते. एक एकर म्हणजे ४० गुंठे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा. शेतजमिनीचा मालक बिगरशेती परवाना न काढता, रेखांकन (लेआउट) मंजूर करून न घेता, मधून एखादी वाट सोडतो आणि असे तुकडे पाडून विकतो; हीच गुंठेवारी. घेणारा कुपवाड एमआयडीसीतला कामगार असतो, हमाल असतो, रिक्षावाला असतो, हळदीच्या वखारीत काम करणारी बाई असते. मंजूर प्लॉटचा भाव त्यांच्या आवाक्याबाहेर असतो आणि भाड्याच्या खोलीत जन्म काढायचा नसतो. या माणसांना मी दोष देत नाही. त्यांच्या खिशाला झेपेल अशी दुसरी जागाच शहराने ठेवली नव्हती.

राज्य सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्यात घेतलं गेलं. हे चांगलंच झालं. कागद सरळ झाला की नळजोडणी, बँकेचं कर्ज, घरकुलाचं अनुदान असे बंद दरवाजे उघडतात. पण मैदानासाठी राखायची जमीन एकदा तुकड्या-तुकड्याने विकली गेली की नियमित करून ती परत येत नाही. शामरावनगरसारख्या सखल भागात पावसाळ्यात पाणी साचून राहतं त्यामागेही हेच आहे. पाण्याला वाहून जायला आणि मुरायला जी जागा लागते, तीही प्लॉट म्हणून विकली गेली.

रीतसर रेखांकनात काय होतं तेही पाहू. मुंबईसारखे काही भाग सोडले तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. एक एकर म्हणजे ४०४७ चौरस मीटर. म्हणजे पूर्ण एकराचं रेखांकन केलं तर चार गुंठे मोकळे मिळतात. एकोणचाळीस गुंठ्यांचं केलं तर क्षेत्र भरतं ३९४६ चौरस मीटर, म्हणजे मर्यादेच्या खाली. एक गुंठा कमी दाखवला की चार गुंठ्यांची मोकळी जागा सोडायचं बंधन उरत नाही. लहान शहरांत जमिनी लहान तुकड्यांतच बाजारात येतात, त्यामुळे ही मर्यादा इथे फार उंच आहे असं मला वाटतं.

मोठ्या शहरांसाठी आणखी एक तरतूद आहे. मोठ्या प्रकल्पात वीस टक्के क्षेत्र लहान घरांसाठी ठेवायचं. पण २०२० च्या नियमावलीत ती दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांसाठी आली. आपल्या महापालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या थोडी वर होती. म्हणजे इथे परवडणारी घरं आपोआप तयार होण्याची वाट नाही. ती कुणीतरी मुद्दाम बांधावी लागतात.

तीनशे तेवीस चौरस फुटांत काय मावतं

प्रधानमंत्री आवास योजनेचा शहरी भाग २०१५ साली सुरू झाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी तिच्यात घराचं चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत धरलं होतं. २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या टप्प्यात ते किमान ३० आणि कमाल ४५ चौरस मीटर झालं. तीस चौरस मीटर म्हणजे ३२३ चौरस फूट. त्यात एक बाहेरची खोली, एक झोपायची खोली, ओट्यापुरतं स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणी बसते. नीट आखलं तर चार माणसं त्यात राहू शकतात.

आता त्यात काय मावत नाही ते पाहू. उन्हाळ्यातलं वाळवण मावत नाही. बेदाणा निवडायला घरी आणला तर पसरायला जागा नाही. शिलाई मशीन लावलं की मुलाच्या अभ्यासाचं पाटी-दप्तर बाहेर. पाहुणे आले की पुरुष मंडळी गच्चीवर. भाजीचा हातगाडा रात्री कुठे लावायचा? बाळंतीण माहेरी आली, म्हातारं माणूस आजारी पडलं, घरात मयत झालं, तर चार माणसं बसणार कुठे? ही सगळी कामं रोजची किंवा वर्षातून दोन-चारदा येणारी आहेत. त्यांच्यासाठी प्रत्येक घराला आणखी एक खोली द्यायची तर घर परवडणारं राहत नाही.

पण ही खोली आठ घरांना मिळून एक दिली तर? छप्पर नाही, भिंती नाहीत, म्हणजे बांधकामाचा खर्च जवळजवळ नाही. फक्त जमीन लागते, आणि तीही वाटून घेतलेली. सामाईक अंगणाचं अर्थशास्त्र एवढंच आहे.

अनुदानाची अडचण इथे सुरू होते. सरकारी मदत घरामागे मोजली जाते. एवढी घरं पूर्ण झाली, एवढे हप्ते गेले. अंगणाचा हप्ता कुठल्याच तक्त्यात नसतो. त्यामुळे ठेकेदार, अभियंता आणि अधिकारी तिघांचंही लक्ष भिंतींवर राहतं. कुणाची वाईट इच्छा असते असं नाही. जे मोजलं जात नाही ते बांधलं जात नाही.

जमीन कुठून काढायची

गुंठेवारीतल्या कुठल्याही गल्लीत जा. दोन घरांच्या मध्ये तीन फुटांची बोळ दिसेल, कधी दोनच फुटांची. तिथे तुटकी बादली असते, पाण्याच्या मोटारीची पाइप असते, गवत असतं, डास असतात. सूर्य तिथे पोचत नाही, माणूस आडवा होऊन जातो.

आता हिशोब करा. ३३ फुटी प्लॉटवर दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट सोडले, तर एका घरामागे १९८ चौरस फूट जमीन या बोळींत गेली. दहा घरांमागे १९८० चौरस फूट. म्हणजे जवळजवळ दोन गुंठे जमीन, पैसे मोजून घेतलेली, कुणाच्याही उपयोगाची नाही. घरं एकमेकांना लावून ओळीत बांधली तर हीच जमीन पुढच्या बाजूला एका जागी गोळा करता येते. आपल्याकडे याला रो-हाउस म्हणतात आणि नियमांत त्याला जागा आहे.

यात दुसरी बचतही आहे. सुटी सुटी दहा घरं म्हणजे बाजूच्या वीस भिंती. जोडून बांधली तर अकरा. सांगलीच्या काळ्या मातीत ही बचत मोठी असते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या घराला तडे पाडते. म्हणून पाया मुरमापर्यंत खाली न्यावा लागतो. जितक्या भिंती कमी, तितकी खुदाई कमी, बाहेरचा गिलावा कमी, पावसाची ओल लागणारा पृष्ठभागही कमी.

जोडघरांचे तोटेही सांगायला हवेत. उजेड आणि वारा फक्त पुढून आणि मागून येतो. घर तीस फुटांपेक्षा जास्त खोल केलं तर मधल्या खोलीत दिवसा दिवा लागतो, मग तिथे आकाशाला उघडा छोटा चौक सोडावा लागतो. शेजारच्या टीव्हीचा आवाज येतो. सामाईक भिंतीचा करार आधी लिहून ठेवावा लागतो, नाहीतर एकाने वर मजला चढवताना दुसऱ्याशी भांडण ठरलेलं. आणि हा सगळा पट्टा कोयनेच्या १९६७ च्या भूकंपाने हादरलेला आहे, त्यामुळे खिडक्या-दारांच्या वरून जाणारा काँक्रीटचा सलग पट्टा आणि कोपऱ्यातल्या सळया यांवर पैसे वाचवू नयेत. स्वस्ताई फरशीत करा, रंगात करा, दाराच्या लाकडात करा.

किती मोठं अंगण, कुणासाठी

या प्रश्नाचं भारतातलं सगळ्यात स्पष्ट उत्तर नवी मुंबईत बेलापूरला आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी तिथे १९८०च्या दशकात कमी उंचीच्या, लहान घरांची वसाहत आखली. सात घरांच्या मध्ये एक अंगण, साधारण आठ मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. असे तीन गट मिळून एकवीस घरं, त्यांच्यामध्ये बारा मीटरचा मोठा चौक. असे तीन मोठे गट मिळून वीस मीटरची आणखी मोठी मोकळी जागा. तिथले प्लॉट सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरचे होते. भिंती मात्र जोडलेल्या नव्हत्या, म्हणजे प्रत्येकाला शेजाऱ्याला न विचारता घर वाढवता यावं. पुढे लोकांनी खरोखरच घरं वाढवली, काहींनी पाडून नवी बांधली.

सात घरांचं गणित करून पाहा. आठ बाय आठ मीटर म्हणजे ६८९ चौरस फूट. सातांत भागले तर प्रत्येक घराने जेमतेम शंभर चौरस फूट जमीन दिली आणि वापरायला जवळजवळ सातशे मिळाली. शिवाय कोरियांनी या आखणीत हेक्टरी ५०० माणसांची घनता धरली होती. एकराच्या भाषेत दोनशे माणसं, म्हणजे पाच माणसांचं घर धरलं तर चाळीस कुटुंबं. गुंठेवारीत एक एकर तोडला की वाट सोडून तीस-बत्तीस प्लॉट निघतात. अंगणं ठेवूनही कुटुंबं कमी होत नाहीत, उलट जास्त बसतात. "मोकळी जागा परवडत नाही" असं सांगणाऱ्याला हा हिशोब दाखवावा.

आकडा सातचा असावा की दहाचा, यावर अडून बसू नये. पण पाच ते दहाच्या दरम्यान असावा. एवढ्या घरांत सगळे एकमेकांना नावाने ओळखतात. अनोळखी माणूस आला की कुणीतरी "कोण पाहिजे?" म्हणून विचारतं. मूल रडलं तर कुठल्या घरचं ते कळतं. चाळीस घरांना मिळून एकच मोठं मैदान दिलं तर हे होत नाही. तिथे आठवड्याभरात चारचाकी लागतात, महिन्याभरात वाळूचा ढीग पडतो. मोठं मैदानही हवंच, क्रिकेटला, मांडवाला, गणपतीला. पण ते अंगणाच्या जागी चालत नाही, अंगणानंतर येतं.

अंगण अंगण व्हायचं तर घरांची दारं त्यात उघडली पाहिजेत. हे ऐकायला सोपं वाटतं आणि बहुतेक वेळा इथेच चुकतं. घरांच्या मागच्या भिंती अंगणाकडे आणि दारं रस्त्याकडे केली, तर मध्ये जे उरतं तो उकिरडा होतो. स्वयंपाकघराची खिडकी अंगणाकडे असावी, म्हणजे फोडणी देता देता मुलावर नजर राहते. दाराला लागून दीड फूट उंचीचा ओटा असावा. हा ओटा घरमालकाचा, त्यापुढची जमीन सगळ्यांची. बसायला येणारी शेजारीण आधी ओट्यावर टेकते, उंबरा ओलांडायचा की नाही ते मग ठरतं. जुन्या गावभागातल्या घरांना हे बरोबर कळलेलं होतं.

अंगणातून वाहन आरपार जाता कामा नये. तोंड एकच ठेवावं, तिथे दोन दगडी खुंट रोवावेत, दुचाकी खुंटांच्या बाहेर एका बाजूला. रुग्णवाहिका आणि अग्निशमनचा बंब मात्र त्या तोंडापर्यंत विनाअडथळा आला पाहिजे, म्हणजे बाहेरचा रस्ता पूर्ण रुंदीचा हवा.

उन्हाचं गणितही करता येतं. सांगली साधारण १६.८५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे पन्नास अंशांवर असतो. तेव्हा वीस फूट उंचीच्या दुमजली घराची सावली सतरा फुटांपर्यंत पडते. अंगण सव्वीस फूट रुंद असेल तर हिवाळ्यातही त्यात दुपारचं ऊन येतं, धुणं वाळतं, म्हातारी माणसं शेकत बसतात. तेच घर चार मजली, चाळीस फुटी केलं तर सावली चौतीस फुटांवर जाते आणि तेवढ्याच अंगणात थंडीभर ओल राहते. म्हणजे इमारत वाढली की अंगणही रुंद झालं पाहिजे. मे महिन्यात उलट होतं. तेव्हा दुपारचा सूर्य इथे जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो, कुठलीच भिंत सावली देत नाही. तिथे झाडच लागतं. करंज किंवा कडुनिंब चालेल, पण पाया आणि गटारापासून लांब, आणि अंगणाच्या मध्यापेक्षा पश्चिमेच्या कडेला, म्हणजे दुपारनंतरची सावली आत पडेल आणि मधली जागा मांडवाला मोकळी राहील.

उंच बांधावं की बसकं

जमीन महाग झाली की इमारत उंच करायची, हा पहिला विचार येतो. मुंबईत त्याला पर्याय नसेल. सांगली-मिरजेत आहे. लिफ्ट असलेल्या इमारतीत लिफ्टचा खर्च एकदाच येत नाही, दर महिन्याला येतो. वीजबिल, देखभाल, पंप. महिन्याला पंधरा-वीस हजार कमावणाऱ्या कुटुंबांची सोसायटी ते दोन-तीन वर्षं भरते, मग लिफ्ट बंद पडते आणि वरच्या मजल्यावरचे लोक घर भाड्याने देऊन पुन्हा खाली झोपडीत येतात. शिलाई करणाऱ्या वहिनींना विचारा, गिऱ्हाईक चौथ्या मजल्यावर ब्लाउज द्यायला चढत नाही. हातगाडा तर चढतच नाही. घरातून पोट चालवणाऱ्या माणसासाठी जमिनीवरचं दार हे दुकानाचं दार असतं.

म्हणून तळमजला अधिक एक, फार तर अधिक दोन, ही उंची मला या शहराला योग्य वाटते. तळात एक कुटुंब, वर दुसरं, जिना अंगणातून.

वाढणारं घर ही याच्याच जोडीची कल्पना. सगळं घर पहिल्या दिवशी बांधून देण्याऐवजी माणसाला स्वतःला जमणार नाही तेवढंच आधी द्यायचं: पक्का पाया, संडास-न्हाणी, नळ, गटार, एक खोली आणि पुढचा मजला पेलतील असे कॉलम. बाकी पैसे येतील तसं. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरजवळ आखलेली अरण्य वसाहत याच पद्धतीची आहे. तिथला सगळ्यात लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचा होता आणि १९९५ साली त्या कामाला वास्तुरचनेचा आगाखान पुरस्कार मिळाला. चिलीमधल्या इकिके शहरात वास्तुरचनाकार अलेहांद्रो अरावेना यांच्या गटाने २००४ च्या सुमारास शंभरेक कुटुंबांसाठी अर्धी घरं बांधली. उरलेलं अर्धं कुटुंबांनी आपापलं भरून काढलं. त्यातली एक गोष्ट आपण उचलण्यासारखी आहे: अनुदान तुटपुंजं असूनही त्यांनी स्वस्त म्हणून शहराबाहेरची जमीन घेतली नाही, लोक राहत होते तिथेच बांधलं आणि वीसेक घरांमागे एक सामाईक अंगण ठेवलं. पुण्यात येरवड्यालाही झोपडपट्टीतली कच्ची घरं पाडून तिथल्या तिथे २७० चौरस फुटांची पक्की घरं बांधली गेली, लोकांना हलवलं नाही.

जागा हलवण्याचा खर्च कागदावर दिसत नाही, पण तो सगळ्यात जड असतो. कुपवाडच्या कारखान्यात जाणारा माणूस पंधरा किलोमीटर लांब गेला की रोजचं पेट्रोल घराच्या हप्त्याएवढं होतं. बाईचं धुण्या-भांड्याचं काम सुटतं, कारण ते चालत जाण्याच्या अंतरावरच असतं.

कृष्णेला विसरून चालणार नाही

सांगलीत स्वस्त जमीन बहुतेक वेळा पाण्याजवळ असते आणि स्वस्त असण्याचं कारणही तेच असतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ आणि २०२१ चे पूरही लोकांच्या डोळ्यांपुढे आहेत. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन रेषा असतात: निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घरं बांधायचीच नाहीत. दोन्हींच्या मध्ये बांधकामावर निर्बंध आहेत. गरिबाच्या घराला तर दुप्पट काळजीने लाल रेषेच्या बाहेर नेलं पाहिजे, कारण एकदा गाळ शिरला की गादी, धान्य, मशीन आणि मुलांची पुस्तकं एकाच वेळी जातात आणि पुन्हा घ्यायला शिल्लक नसते.

निळ्या रेषेच्या आतली जमीन मैदान, भाजीचा बाजार, रोपवाटिका म्हणून शहराने राखावी. पूर आला तर तिथे पाणी थांबेल, गेलं की धुऊन पुन्हा वापरता येईल. आणि लाल रेषेजवळच्या वस्तीत समाजमंदिर बांधायचं झालं तर ते कॉलमवर उचलून वर बांधावं, खाली मोकळी पडवी ठेवावी. एरवी सावलीत बसायला, पुरात वरती आसऱ्याला.

अंगणात पूर्ण फरशी घालायची हौस टाळावी. घरांच्या भिंतींलगत तीन-चार फुटांचा पक्का पट्टा आणि उतार हवाच, नाहीतर काळ्या मातीत पाणी मुरून पाया हलतो. मधला भाग मुरूम दाबून ठेवला तरी पुरे. चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बेलापूरएवढ्या, ६४ चौरस मीटरच्या अंगणावर पन्नास मिलिमीटरची एक सर आली तर ३२०० लिटर पाणी येतं. त्याची वाट घरं उभी राहण्याआधी ठरलेली असावी.

नाव कुणाचं, झाडू कुणाचा

सामाईक जागा कागदावर हरवते, मग जमिनीवर. मंजूर रेखांकनात हिरवा चौकोन दाखवलेला असतो, पण सातबाऱ्यावर नाव मूळ मालकाचंच राहतं. दहा-पंधरा वर्षांनी मालकाची मुलं तो चौकोन विकायला काढतात. प्लॉट घेतानाच विचारावं: मोकळ्या जागेचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका कुणाच्या नावावर आहे? प्लॉटधारकांची संस्था नोंदली आहे का? जागा संस्थेच्या नावावर करायची तारीख करारात आहे का? मंजूर नकाशाची प्रत घेऊन जागेवर टेप लावून मोजावी. एकट्याने हे करायला संकोच वाटतो, म्हणून चार-पाच घेणाऱ्यांनी मिळून जावं.

देखभालीला फार पैसा लागत नाही, ठरलेलं माणूस लागतं. आठ घरांनी महिन्याला पन्नास रुपये काढले तर वर्षाचे ४८०० होतात. एक दिवा, गटाराची सफाई, मुरमाची एक खेप यात भागते. वर्गणी आणि किल्ली बायकांच्या हातात असावी असं मी आग्रहाने म्हणेन. दिवसभर ती जागा त्याच वापरतात आणि ती कुणी बळकावायला लागलं तर पहिल्यांदा त्यांच्याच लक्षात येतं.

संघटना असली की किती लांब जाता येतं, हे शेजारच्या सोलापुरात दिसलं. कुंभारीजवळच्या रे नगरमध्ये विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी तीस हजार घरांचा प्रकल्प आखला गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. आकार प्रचंड आहे, सांगलीला तो नको. पण कामगारांनी आधी एकत्र येऊन जमीन, योजना आणि कर्ज यांचा पाठपुरावा केला, तो क्रम चाळीस घरांनाही लागू पडतो.

बांधून झालेल्या गुंठेवारीत काय करावं? जमीन उरलेली नाही हे खरं, पण वाट आहे. जी गल्ली पुढे बंद होते, तिथल्या शेवटच्या आठ-दहा घरांखेरीज कुणाचं वाहन जात नाही. तिथे तोंडाशी खुंट, दोन्ही बाजूंनी ओटे, एक झाड आणि झाकलेलं गटार एवढ्याने अंगण होतं. एखादा प्लॉट वर्षानुवर्षं पडून असेल तर नगरसेवकामार्फत महापालिकेकडे तो सार्वजनिक वापरासाठी घ्यावा अशी लेखी मागणी करावी, वस्तीच्या सह्यांनिशी.

आणि नवं बांधणार असाल, तर अभियंत्याच्या टेबलावर बसण्याआधी सगळ्या कुटुंबांनी जागेवर जमावं. चुन्याची फक्की घेऊन अंगण खऱ्या मापात जमिनीवर आखावं, सव्वीस फूट बाय सव्वीस. दारं कुठे येतील तिथे विटा ठेवाव्यात. बायकांनी त्यात चालून पाहावं, कपड्यांची दोरी कुठून कुठे जाईल ते दाखवावं, मुलांना अर्धा तास सोडावं, कुणाच्या दारातून कुणाची चूल दिसते ते पाहावं. जिथे अडेल तिथे फक्की पुसून दुसरी रेघ मारावी. सगळ्यांचं जमलं की त्या रेघांची मापं घेऊन अभियंत्याला द्यावीत आणि कॉलम त्या मापांबाहेर टाकायला सांगावेत.